गालापागोसची छोटी बोट: केबिन निवडण्यापासून बुकिंगपर्यंत

पहाटे चारच्या सुमारास आमच्या डोक्याशी नांगराची साखळी खडखडत समुद्रात सुटली आणि आई दचकून उठून बसली. पुढच्या प्रत्येक पहाटे तेच. केबिन छान होती, स्वच्छ होती, फोटोत दिसली होती तशीच होती. फक्त ती बोटीच्या अगदी नाळेत, म्हणजे पुढच्या टोकाला होती आणि नांगराचे यंत्र आमच्या छतावर होते. डेक प्लॅन, म्हणजे बोटीच्या मजल्यांचा नकाशा, माझ्या ईमेलमध्ये तीन महिने पडून होता. मी तो नीट पाहिला नव्हता. पाहिला असता तरी त्यात काय शोधायचे हे तेव्हा मला माहीत नव्हते. गालापागोसला आयुष्यात बहुतेक एकदाच जाणे होते आणि पैसाही बराच लागतो, म्हणून ते सगळे इथे सविस्तर लिहिते आहे.

गालापागोस हा इक्वाडोरचा द्वीपसमूह. मुख्य भूमीपासून साधारण १,००० किलोमीटर पश्चिमेला, पॅसिफिक महासागरात. १८३५ साली चार्ल्स डार्विन 'बीगल' जहाजातून इथे आला आणि सुमारे पाच आठवडे राहिला. १९५९ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झाले. आज बेटांची जवळजवळ ९७ टक्के जमीन उद्यानात मोडते. सांताक्रूझ, सान क्रिस्तोबाल अशा वस्तीच्या बेटांवर हॉटेलात राहून दिवसाच्या सहली करता येतात, पण फर्नांदिना, हेनोवेसा ही दूरची बेटे नीट पाहायची तर बोटीवरच राहावे लागते. इथे कोणत्याही प्रवासी जहाजाला १०० पेक्षा जास्त प्रवासी नेता येत नाहीत आणि बहुतेक बोटी तर १६ प्रवाशांच्याच आहेत. हजारो माणसांचे तरंगते शहर इथे भेटणार नाही.

आधी मार्ग ठरवा, मग बोट

बहुतेक जण बोटीचे फोटो पाहून सुरुवात करतात. सुरुवात नकाशापासून करा. २०१२ पासून नियम असा आहे की, काही मोजकी ठिकाणे सोडली तर कोणत्याही बोटीला त्याच ठिकाणी १४ दिवसांच्या आत पुन्हा प्रवासी उतरवता येत नाहीत. त्यामुळे प्रत्येक बोटीचा पंधरा दिवसांचा फेरा असतो आणि त्याचे तुकडे करून ४, ५, ६ किंवा ८ दिवसांच्या सहली विकल्या जातात. म्हणजे एकाच बोटीवर, एकाच केबिनमध्ये, तारीख चार दिवसांनी सरकली की तुम्हाला दिसणारी बेटे पूर्ण बदलतात.

काय पाहायचे आहे ते कागदावर लिहून काढा. उडता न येणारा पाणकावळा फक्त पश्चिमेला, फर्नांदिना आणि इसाबेलाच्या किनाऱ्यावर आहे. पेंग्विनही मुख्यतः तिकडेच भेटतात. लाल पायांच्या बूबी पक्ष्यांची मोठी वसाहत उत्तरेच्या हेनोवेसा बेटावर आहे. 'वेव्हड आल्बट्रॉस' हा मोठा समुद्रपक्षी हवा असेल तर आग्नेयेचे एस्पान्योला बेट, तेही साधारण एप्रिल ते डिसेंबर या काळात, कारण उरलेले महिने तो समुद्रावर असतो. आल्बट्रॉससाठी फेब्रुवारीचे बुकिंग करणे म्हणजे वारी संपल्यावर पंढरपुरात पालख्या शोधणे. समुद्री इग्वाना (मोठे सरडे), सी लायन आणि निळ्या पायांचे बूबी मात्र बहुतेक मार्गांवर दिसतात, त्यांच्यासाठी वाट वाकडी करायची गरज नाही.

माझे मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने पश्चिमेचा मार्ग घ्यावा. फर्नांदिनावर काळ्या लाव्हाच्या खडकावर शेकडो इग्वाना एकमेकांच्या अंगावर पसरून ऊन खात असतात आणि शेजारी तो पाणकावळा आपले खुरटलेले पंख वाळवत उभा असतो. तसे दृश्य मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही.

दिवस मोजताना सावध राहा. '५ दिवस ४ रात्री' असे लिहिलेले असते तेव्हा पहिल्या दिवसाची सकाळ विमानात जाते आणि शेवटच्या दिवशी न्याहारीनंतर थोड्या वेळात तुम्ही पुन्हा विमानतळावर असता. पूर्ण दिवस हातात येतात तीन. भारतातून एवढे लांब जायचे तर ८ दिवसांपेक्षा कमी घेऊ नये असे मला मनापासून वाटते. आणखी एक गोष्ट विचारा: तुमच्या सहलीच्या मध्येच बोट प्रवासी बदलते का? बदलत असेल तर त्या दिवसाचे काही तास बंदरात आणि विमानतळाच्या फेऱ्यांत जातात.

ऋतू दोन. जानेवारी ते मे हवा गरम, अधूनमधून पाऊस, पाणी कोमट आणि समुद्र बराच शांत. जून ते नोव्हेंबर हम्बोल्ट प्रवाहाचे गार पाणी येते, आभाळ ढगाळ राहते, बारीक भुरभूर असते (तिला तिकडे 'गारुआ' म्हणतात). गार पाण्याबरोबर अन्नद्रव्ये वर येतात, म्हणून या दिवसांत समुद्रातले जीवन भरभरून दिसते. पण ऑगस्ट ते ऑक्टोबर समुद्र सर्वांत जास्त हलतो. ज्यांना बोट लागते त्यांनी हे तीन महिने टाळावेत.

बोट किती मोठी?

१६ जणांच्या बोटीवर एक गाइड, सगळे एकाच टेबलाभोवती, बेटावर उतरायला दहा मिनिटे पुरतात. उद्यानाचा नियमच आहे की एका गाइडमागे जास्तीत जास्त १६ पाहुणे असावेत आणि गाइडशिवाय उद्यानाच्या ठिकाणी पाऊल ठेवता येत नाही. ४० ते १०० जणांच्या जहाजांवर गाइड अनेक असतात, गट पाडतात आणि उतरायला पाळी लागते. पण ही मोठी जहाजे लाटांत कमी हलतात, त्यांवर सहसा डॉक्टर असतो, काहींवर लिफ्टही असते. छोट्या यॉटवर डॉक्टर सहसा नसतो.

घरातले कोणी सत्तरीच्या पुढचे असेल, हृदयाचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल, तर मोठ्या जहाजाचा विचार नक्की करा. बेटावर जाताना 'पांगा' नावाच्या रबरी होडीत उतरावे लागते. खलाशी तुमचे मनगट धरतो, तुम्ही त्याचे. कधी खडकावर उतरायचे असते, कधी गुडघाभर पाण्यात. हे दिवसातून दोन-चारदा होते. बोट निवडण्याआधी घरातल्या ज्येष्ठांना हे स्पष्ट सांगा आणि त्यांचे उत्तर ऐका.

एका सांगाड्याची बोट की कॅटामरान, हाही प्रश्न येतो. कॅटामरानला दोन सांगाडे असतात, त्यामुळे ती आडवी फार कलत नाही आणि केबिन रुंद मिळतात. पण तिचे हिसके छोटे आणि चटचट असतात, आणि समोरून लाट आली की मधल्या तळावर ती थाडकन आपटते. झोपमोड व्हायला तेवढे पुरते. ज्यांना डुलण्याचा त्रास होतो त्यांना मी तरीही कॅटामरानच सुचवते.

केबिन: इथे थोडे थांबा

बेटांवरची ठिकाणे सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढ्याच वेळात खुली असतात. म्हणून बोटी दिवसा नांगर टाकून उभ्या राहतात आणि लांबचा प्रवास रात्री करतात. हेनोवेसाला किंवा पश्चिमेला जाताना रात्रीतले बरेच तास बोट उघड्या समुद्रात चालत असते. याचा अर्थ बोट सर्वांत जास्त हलते तेव्हाच तुम्ही केबिनमध्ये आडवे असता. आणि बाहेर पाहण्यासारखे असते तेव्हा तुम्ही केबिनमध्ये नसताच. एवढे लक्षात ठेवले तर केबिनची निम्मी निवड आपोआप होते. खिडकीतून काय दिसते यापेक्षा ती केबिन बोटीच्या कुठल्या भागात आहे हे महत्त्वाचे.

एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून घाट उतरलेल्या माणसाला पुढचे समजावून सांगायला नको. दोन चाकांच्या मध्ये बसलेल्याला कमी धक्के बसतात, टोकाच्या बाकावरचा उडतो. बोटीचेही तसेच. पुढून-मागून येणाऱ्या लाटेवर बोट सी-सॉच्या फळीसारखी वरखाली होते. मध्यभाग जवळजवळ जागेवर राहतो, दोन्ही टोके उचलली जातात. बाजूने येणाऱ्या लाटेवर ती डावी-उजवीकडे कलते आणि जितके उंच जावे तितका झोका मोठा होतो. म्हणून सर्वांत स्थिर जागा म्हणजे मध्यभागी आणि पाण्याच्या पातळीजवळ. सर्वांत अस्थिर म्हणजे वरच्या डेकवरची अगदी पुढची केबिन, जी बहुधा सर्वांत महागडी असते आणि जिच्या भिंतभर काचेचा फोटो जाहिरातीत असतो.

मग सरळ खालच्या डेकची मधली केबिन घ्यावी का? तिथे दुसरी अडचण. छोट्या बोटींवर इंजिन आणि जनरेटर खालच्याच डेकवर, मध्यापासून मागे कुठेतरी असतात. जनरेटर रात्रभर चालतो, कारण एसी आणि पाणी त्यावर चालते. भिंतीपलीकडे तो असेल तर घरघर आणि उष्णता सतत जाणवते, काही बोटींवर डिझेलचा वासही येतो. खालच्या डेकला खिडकी म्हणजे बहुधा पोर्टहोल, जाड काचेची गोल झडप. ती समुद्र हलत असताना उघडता येत नाही. शिवाय जिना अरुंद आणि उभा.

या सगळ्याचा मध्य काढला तर मेन डेकवरची, म्हणजे खालच्या आणि वरच्या डेकमधल्या मजल्यावरची, मध्यभागातली केबिन बहुतेकांना मानवते. खिडकी उघडते, जेवणाची खोली जवळ, जिना नाही, हेलकावे बेताचे. हीच केबिन आधी भरते, त्यामुळे आठ-दहा महिने आधी मागावी लागते. बोट लागण्याची भीती मोठी आणि आवाजाचा त्रास कमी, असे असेल तर खालच्या डेकची इंजिनापासून दूर असलेली मधली केबिन घ्या. ती स्वस्तही असते. वरच्या डेकच्या बाल्कनीवाल्या केबिनसाठी जास्तीचे पैसे द्यावेत असे मला वाटत नाही. त्या पैशात आणखी दोन रात्री बेटांवर काढता येतील.

आता डेक प्लॅन मागवा आणि समोर ठेवून एकेक केबिन तपासा. नाळेच्या बाजूला 'विंडलास', म्हणजे नांगराचे यंत्र कुठे आहे? मागच्या बाजूला पांगा उचलून ठेवायची क्रेन कुठे आहे? तीही पहाटे वाजते. इंजिनरूमचा दरवाजा कुठल्या केबिनसमोर उघडतो? केबिनच्या डोक्यावर काय आहे? जेवणाची खोली असेल तर खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात, उघडा डेक असेल तर पहाटे पावलांचे. स्वयंपाकघराला लागून असलेली केबिन साडेचारला जागी होते. बेड लांबीच्या दिशेने लावलेला आहे की आडवा? बोट आडवी कलते तेव्हा आडव्या बेडवर झोपलेल्या माणसाचे डोके आणि पाय आळीपाळीने खाली जातात, काहींना त्याने फार मळमळते.

बेडच्या बाबतीत एक स्पॅनिश शब्द ध्यानात ठेवा: 'मात्रिमोनियाल'. म्हणजे दोघांचा एकच बेड. आई-मुलगी, दोन बहिणी, दोन मैत्रिणी जात असाल तर दोन वेगळे बेड हवेत असे लेखी कळवा आणि उत्तरात केबिनचा क्रमांक घालून मागा. काही बोटींवर वर-खाली बंक असतात, त्यांत साठीपुढच्या माणसाला वर चढायला लावू नका. तिघांची केबिन म्हणून जी विकतात तिथे तिसरा बेड बहुधा भिंतीतून ओढलेला असतो आणि मग सूटकेस ठेवायला जागा उरत नाही.

केबिन किती चौरस फुटांची हे विचारायलाच हवे, पण त्यात बाथरूम धरले आहे का तेही विचारा. साध्या बोटींवर शॉवरला वेगळी जागा नसते, अंघोळ केली की कमोडही ओला. विजेचे प्लग अमेरिकी पद्धतीचे, दोन चपट्या पट्ट्यांचे, दाब ११०–१२० व्होल्ट. मोबाइलचे चार्जर चालतात. घरचे इमर्शन हीटर किंवा इलेक्ट्रिक किटली नेऊ नका, बोटीवर ते आगीच्या दृष्टीनेही चुकीचे आहे.

आगीवरून एक गंभीर गोष्ट. २ सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ 'कन्सेप्शन' नावाच्या डायव्हिंग बोटीला रात्री आग लागली आणि खालच्या डेकवर झोपलेली ३४ माणसे गेली. चौकशीत स्पष्ट झाले की रात्री फिरती गस्त ठेवलेलीच नव्हती. तेव्हापासून मी कुठलीही छोटी बोट घेताना तीन प्रश्न विचारते: रात्री कोणी जागे राहून फेरी मारते का, खालच्या डेकवरून बाहेर पडायला दुसरा मार्ग आहे का, आणि तो कुठे उघडतो. चांगली कंपनी लगेच, तपशिलात उत्तर देते. टाळाटाळ झाली तर मी ती बोट सोडते, दर कितीही चांगला असो.

एकट्या प्रवाशासाठी

बहुतेक दर 'दोघांनी केबिन वाटून घेतल्यास' असे असतात. एकट्याने पूर्ण केबिन घेतली तर दीडपट ते दुप्पट भाडे पडते. काही बोटींवर एक-दोन सिंगल केबिन असतात, त्या सर्वांत आधी जातात. दुसरा मार्ग म्हणजे आपल्याच लिंगाच्या अनोळखी सहप्रवाशाबरोबर केबिन वाटून घेणे. तशी सोय किती बोटींवर आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही. ऐनवेळी जोडीदार मिळाला नाही तर जास्तीचे पैसे तुमच्याकडून घेणार की कंपनी सोसणार, हे आधी लेखी घ्या.

खर्चाचा हिशेब

साध्या वर्गाच्या बोटी माणशी एका रात्रीला साधारण ३०० डॉलरपासून, बऱ्यापैकी सुखसोयींच्या ५०० ते ८००, आणि लक्झरी १,००० च्या पुढे. पण बोटीचा दर हा खर्चाचा एक भाग. उद्यानाची फी परदेशी प्रौढांना १ ऑगस्ट २०२४ पासून २०० डॉलर आहे, आधी ती १०० होती. बारा वर्षांखालच्या मुलांना निम्मी. ती रोख भरायची तयारी ठेवा. त्याशिवाय बेटांवर जाण्यासाठी लागणारे २० डॉलरचे ट्रान्झिट कार्ड, ज्याची ऑनलाइन नोंदणी आधी करावी लागते. मुख्य भूमीवरच्या कीतो किंवा ग्वायाकील शहरातून गालापागोसच्या बाल्त्रा अथवा सान क्रिस्तोबाल बेटाचे विमान बहुतेक दरांत धरलेले नसते. वेटसूटचे भाडे, दारू, इंटरनेट, इंधनाचा अधिभार हेही वेगळे विचारा. टिप बंधनकारक नाही, पण प्रथा आहे आणि खलाशांच्या कमाईत तिचा वाटा असतो. कंपनीच सहसा अंदाज देते, तो हिशेबात आधीच धरा.

इक्वाडोरचे चलन २००० सालापासून अमेरिकी डॉलर आहे, त्यामुळे नोटा बदलायची कटकट नाही. मात्र १ ते २० च्या सुट्या नोटा न्या. पन्नास आणि शंभरच्या नोटा दुकानदार सहसा घेत नाहीत.

बुकिंग, पायरी पायरीने

मार्ग आणि तारीख ठरली की दोन-तीन बोटी निवडा आणि कंपनीला थेट, इक्वाडोरमधल्या एखाद्या एजंटला आणि आपल्याकडच्या प्रवासी कंपनीला, असा तिन्हीकडे एकच ईमेल पाठवा. त्यात केबिनचा क्रमांक लिहून मागा. 'मेन डेकवरची केबिन' असे मोघम लिहू नका. बोट कधी बांधली, शेवटची डागडुजी कधी झाली, गाइड इंग्रजी किती सफाईने बोलतो, तुमच्या तारखेला केबिन क्रमांक अमुक मोकळी आहे का. शाकाहारी जेवणाचाही प्रश्न याच ईमेलमध्ये घाला.

पटकन निर्णय घ्यायचा नसेल तर केबिन काही दिवस धरून ठेवायला सांगा. त्याला या धंद्यात 'ऑप्शन' म्हणतात आणि त्यासाठी सहसा पैसे लागत नाहीत. तेवढ्या दिवसांत विमानाचे दर आणि व्हिसाची वेळ तपासून घ्या.

मग करार येईल. तो वाचायचा असतो, सगळा. आगाऊ रक्कम बहुधा २० ते ३० टक्के, उरलेली निघण्याच्या ६० ते १२० दिवस आधी. रद्द केल्यास किती दिवस आधी किती पैसे परत, याचा तक्ता शोधा. 'तत्सम बोट देण्याचा अधिकार कंपनीला राहील' असे कलम जवळजवळ प्रत्येक करारात असते. बोट बिघडली तर दुसरी द्यावी लागते हे समजण्यासारखे आहे, पण 'तत्सम' म्हणजे काय ते लिहून घ्या: त्याच वर्गाची, त्याच मार्गाची. ते जमत नसेल तर पूर्ण परतावा. माझ्या आग्रहाने हे वाक्य आमच्या दुसऱ्या सहलीच्या करारात आले, कोणी नाही म्हटले नाही. पुष्टीपत्रात केबिनचा क्रमांक आणि बेडची मांडणी छापून आली आहे का ते पाहा. 'गॅरंटी केबिन' असे आले असेल तर तुम्हाला फक्त वर्ग मिळाला आहे, केबिन कंपनी ठरवणार. ते स्वस्त पडते, पण ज्यांना बोट लागते त्यांनी घेऊ नये.

पैसे पाठवताना घाई नको. बँक खात्याचा तपशील ईमेलवर आला तरी कंपनीच्या अधिकृत फोनवर बोलून खात्री करा. मधल्या वेळात 'आमचे खाते बदलले आहे' असा ईमेल आला तर आधी फोन, मग बाकीचे. भारतातून परदेशी सहलीचे पैसे पाठवताना टीसीएस, म्हणजे आधीच वसूल होणारा कर, कापला जाऊ शकतो. त्याचा दर अर्थसंकल्पागणिक बदलतो, म्हणून त्या आठवड्यातला दर बँकेला किंवा सीएला विचारा. ती रक्कम प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळती करून घेता येते, त्यामुळे प्रमाणपत्र जपून ठेवा.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांसाठी एक सुचवणे. चार-पाच घरे मिळून १६ माणसे होत असतील तर पूर्ण बोट भाड्याने घेण्याचा दर विचारा. केबिनवाटप तुमच्या हातात येते, जेवणही ठरवता येते. नाताळच्या सुट्टीचे दर सर्वांत चढे असतात, त्याऐवजी एप्रिल-मे पाहा. केबिन वाटताना आजी-आजोबांना मध्यभाग द्या आणि कॉलेजच्या मुलांना नाळ. त्यांना साखळीनेही जाग येत नाही.

भारतातून जाणाऱ्यांनी हे आधी करावे

भारतीय पासपोर्टवर इक्वाडोरचा व्हिसा लागतो. वाटेत अमेरिका किंवा युरोप असेल तर ट्रान्झिट व्हिसाचा नियम वेगळा तपासा. मुंबईहून थेट विमान नाही. अ‍ॅमस्टरडॅम किंवा माद्रिदमार्गे जाणे बरेचदा सोपे पडते. बोट सुटण्याच्या किमान दोन दिवस आधी इक्वाडोरमध्ये पोहोचा. विमान चुकले तर बोट थांबत नाही. कीतो २,८५० मीटर उंचीवर आहे, तिथे उतरल्यावर अनेकांना डोकेदुखी आणि धाप होते. रक्तदाबाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असलेल्यांनी समुद्रसपाटीवरच्या ग्वायाकीलमध्ये मुक्काम करावा. कीतोहून गालापागोसला जाणारी बहुतेक विमाने तिथेच थांबून पुढे जातात.

पिवळ्या तापाची लस फार जण विसरतात. इक्वाडोर पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत आहे, आणि तिथून परतताना लशीचे प्रमाणपत्र नसेल तर भारतात विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. मुंबईत पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनकडे ती मिळते. साठीपुढच्यांना या लशीचे गंभीर दुष्परिणाम होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून आई-वडिलांना नेणार असाल तर बोटीची आगाऊ रक्कम भरण्याआधी डॉक्टरांशी बोला. लस देता येत नसेल तर बेत तिथेच बदलता येतो, पैसे भरल्यावर नाही.

विमा घेताना एकच रकाना आधी पाहा: वैद्यकीय स्थलांतर. गालापागोसमध्ये गंभीर आजारावर उपचार मर्यादित आहेत, रुग्णाला विमानाने मुख्य भूमीवर न्यावे लागते. जुने आजार, वयाची मर्यादा आणि स्नॉर्केलिंग धरलेले आहे का तेही वाचा.

जेवण. बोटीवर मासे भरपूर. शाकाहारींसाठी 'मेनेस्त्रा', म्हणजे भाताबरोबर मसूर किंवा घेवड्याची उसळ, आणि 'लोक्रो', म्हणजे बटाटा-चीजचे सूप, ही दोन नावे माहीत असू द्या. आपल्या जिभेला जवळची आहेत. कांदा-लसूण नको असेल तर ते वेगळे लिहून कळवा, 'व्हेजिटेरियन' म्हटल्याने ते कळत नाही. घरून खाऊ नेताना जपून. बेटांवर परकी बी-बियाणी पोहोचू नयेत म्हणून मुख्य भूमीच्या विमानतळावरच सामान तपासून सील करतात. ताजी फळे, भाज्या, बिया नेऊ नका. कारखान्यात बंद केलेली पाकिटे न्या आणि विचारल्यावर सगळे दाखवा. एखादे पाकीट काढून ठेवले तर वाद घालू नका, त्या बेटांचे प्राणी त्या काटेकोरपणामुळेच टिकून आहेत.

बोट लागणे हा शब्द कोकणातल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे, मुंबई–गोवा आगबोटीच्या दिवसांपासूनचा. औषध मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही. रात्रीच्या जेवणाआधी, बोट सुटण्याच्या तासभर आधी घ्या. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी कुठले औषध चालेल ते डॉक्टरांना विचारून न्यावे. आलेपाकाच्या बंद पाकिटाने आमच्या आईला खूप आराम पडला. रिकाम्या पोटी झोपू नका आणि मळमळले तर केबिनमध्ये पडून न राहता मधल्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहत बसा.

बोटीवर चढल्यावर पहिला अर्धा तास

सामान उघडू नका. आधी केबिनचा क्रमांक पुष्टीपत्राशी ताडून पाहा. बेड मागितले तसे आहेत का, एसी चालतो का, नळाला गरम पाणी येते का, दाराची कडी आतून सहज उघडते का. पोर्टहोल बंद करून थोडा वेळ बसा, डिझेलचा वास येतो का ते कळेल. जीवरक्षक जाकिटे किती आहेत ते मोजा. मग केबिनपासून बाहेर पडायच्या दोन्ही वाटा स्वतः चालून पाहा, दिवे गेले आहेत असे समजून भिंतीला हात लावत. काही चुकलेले असेल तर त्याच वेळी गाइडला शांतपणे सांगा. नांगर उचलण्यापूर्वी मोकळी केबिन बदलून मिळू शकते. बोट सुटून सगळे आपापल्या जागी स्थिरावले की तेही कठीण होते.